पायी निघालेला करकोचा

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या घरी एक करकोचा येऊन राहिला. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. थंडीत उत्तरेकडून करकोच्यांचे थवे येत, रात्री नदीच्या वाळूत थांबत आणि सकाळी आमच्या हरभऱ्यात उतरत. त्या वर्षी एक साहेब बंदूक घेऊन आले. त्यांना नदीवर नेलं ते माझ्या सासऱ्यांनीच. साहेबांनी तीन पक्षी नेले. चौथ्याचा पंख मोडला होता. तो तुरीत लपलेला, दोन दिवसांनी मामंजींना सापडला.

त्यांनी हळद भरून पंख बांधला. मी ज्वारी टाकायची. पंख जुळला, पण वाकडा. उडणं काही जमेना.

फाल्गुनात थवे ओरडत डोंगरापलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी अंगणात करकोचा नव्हता. मामंजींना तो पांदणीत दिसला, उत्तरेकडे चालत निघालेला. त्यांनी काखेत धरून आणला. पुढच्या दिवशी तेच. तिसऱ्यांदा तो शेजारच्या गावापर्यंत पोचला. तिथल्या गुराख्याने आणून दिला. मी म्हटलं, पायाला दोरी बांधू.

"बांधू नोको," मामंजी म्हणाले. "रस्ता मालूम हाये त्याले. उडनं तेवढं गेलं."

चौथ्यांदा डोंगराच्या वाटेवर त्याला कुत्र्यांनी गाठलं. मामंजींनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि जेवायला बसले. त्या दिवशी भाकरी त्यांनी अर्धीच खाल्ली.

पुढच्या हिवाळ्यात साहेब परत आले. मी चहा घेऊन ओसरीवर आले तेव्हा मामंजी सांगत होते, "यंदा करकोचा उतरलाच नाही, साहेब."

मामंजींना खोटं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. थवा सकाळीच मी पाहिला होता. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही उतरला.

साहेब चहा पिऊन गेले. मग मामंजी घरोघर फिरले. बंदूकवाला आला तर नदीची वाट दाखवू नका, म्हणाले. काही जण कुरकुरले, कारण हरभरा त्यांचाही जात होता. डबे वाजवून हाकला, असं मामंजींनी त्यांना सांगितलं. लोकांनी ऐकलं. हरभरा दरवर्षी थोडा जायचाच.