तालमीतली हलगी पुसली कशी?

आमच्या पेठेतल्या तालमीत कुलूप फक्त मारुतीच्या दानपेटीला. बाकी मुद्गल, चपला, सायकली, सगळं उघड्यावर. म्हणून तालमीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स प्रणाली टाकून मी प्रत्येकाचं वेगळं खातं काढलं, तेव्हा पोरांनी माझी भरपूर टर उडवली. 'घरात भिंती घालायला लागलास व्हय रं?' मी चिडलो आणि एक सामायिक फोल्डर सताड मोकळा सोडला. कुणीही या, काहीही ठेवा.

त्यातच वस्तादांची हलगी होती. त्यांच्या कुस्त्यांना हलगी वाजवणारा त्यांचा जिवलग मित्र गेल्या वर्षी वारला. मागे उरलं ते हे एकच रेकॉर्डिंग. वस्ताद रोज सकाळी ते लावून पोरांकडून जोर मारून घेत. त्या फाईलला मी कडक परवानगी लावली होती: ऐकायची सगळ्यांना, बदलायची कुणालाच नाही.

एका रविवारी दुपारी वस्तादांचा फोन आला. 'पोरांनी जागा करायला गाणी पुसली, त्यात आमची हलगीबी गेली. तू तर म्हनलतास, कुनाचा बाप तिला हात लावू शकत न्हाय!'

म्हणालो होतोच. जाऊन पाहतो तर फाईल नाही, कचरापेटीही रिकामी. वस्ताद भिंतीला टेकून बसलेले. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्याआधी नवल वाटलं. जी फाईल बदलता येत नाही, ती पुसता कशी आली? खोदून पाहिलं तेव्हा उमगलं. फाईल पुसणं म्हणजे फाईलला हात लावणं नव्हेच. फोल्डरमधून तिचं नाव काढून टाकणं. तसबीर काचेत बंद असली तरी भिंत सगळ्यांची असेल, तर खिळ्यावरून ती कुणीही उतरवावी. आणि भिंत मीच मोकळी सोडली होती.

'बंद करून चालू करूया की,' म्हणत कुणीतरी कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला.

'हात लावू नको!' मी केवढ्यानं तरी ओरडलो. कारण एक गोष्ट आठवली होती. नाव गेलं तरी एखाद्या प्रोग्रॅमनं फाईल उघडी धरलेली असेल, तोवर ती डिस्कवरून जात नाही.

'वस्ताद, सकाळी हलगी बंद केलीसा, का नुसती थांबवलीसा?'

'थांबवली. उद्या तितनंच फुडं लावाय.'

त्यांचं खातं मागे चालूच होतं. त्यांनी एकेक अक्षर शोधत पासवर्ड घातला, बटण दाबलं आणि हलगी कडाडली. मी घाईघाईनं त्या उघड्या फाईलची प्रत काढून घेतली. वस्तादांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

'आता फोल्डरला असं करतो, की ज्यानं ठेवलं त्यालाच काढता येईल,' मी म्हणालो.

'कर की,' वस्ताद म्हणाले. 'पन आदी ह्या समद्या पोरांच्या मोबाईलात घाल. माज्या एकट्याजवळ ऱ्हायली, तर माज्यासंगं जाईल न्हवं.'