जावेची हिरवी गाठ

परवा लग्नात तेरखेड्याचा भुईनळा हिरवागार उडाला आणि मला धाकट्या जावेची गाठ आठवली. सोलापूरच्या दवाखान्यात तिच्या छातीतली गाठ काढत होते, मी बाहेर बाकड्यावर. आमच्याकडं रीतच हाय, काढलेली गाठ डॉक्टर ट्रेमध्ये आणून घरच्यांना दाखवतात. आत जाताना जावेनं बजावलं होतं, ‘जाऊबाई, तुम्ही डोळ्यानं बघा, तरच मी निघाली म्हणंन.’ पण डॉक्टरीणबाई आल्या रिकाम्या हातानं. मला कम्प्युटरपाशी नेलं. पडद्यावर एक हिरवा गोळा चमकत सावकाश फिरत होता. ‘मावशी, ही काढलेलीच गाठ, औषधानं रोगाचा भाग असा चमकतो. सगळ्या बाजूंनी बघितलं, काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोग कुठंच पोचलेला नाही. म्हणजे गाठ पुरती निघाली.’ म्हटलं, ‘हे चित्र झालं. गाठ कुठं हाय?’ ‘पुढं तपासायला गेली.’ ‘मला न दाखवता?’ त्या हसल्या, तसा माझा संशय लईच वाढला. लोहाऱ्याचा फोटोवाला सावळी नवरी गोरी करतो, मग ह्यांना गाठ रंगवायला कितीसा वेळ? संध्याकाळी जावेनं डोळे उघडले, ओठ कोरडे, तरी पहिलं तेच विचारलं, ‘बघितली का?’ ‘बघितली की. लिंबाएवढी होती, लालभडक.’ तिनं शांत डोळे मिटले. आज ती ठणठणीत हाय, साऱ्या गावाला सांगते, जाऊबाईंनी डोळ्यानं बघितलीय. मी मान हलवते. वर्षाच्या तपासणीला मात्र तिच्यासंगं मीच जाते आणि रिपोर्ट तिच्याआधी मीच मागून घेते. ती नर्सला कौतुकानं म्हणते, ‘आमच्या जाऊबाई लई काळजी करतात.’