मामांचं कोरड्या मुलखातलं झाड

आमच्या बोटीवरच्या मामांइतका पाण्याचा दुस्वास करणारा माणूस उभ्या मालवण तालुक्यात दुसरा नव्हता. आणि त्यांची सगळी हयात गेली ती पाण्यावरच. पंचावन्न-छपन्न सालच्या सुमारास नोकरी सोडून ते तोंडवलीला परतले, ते कुठल्याशा वाळवंटी बंदरावरचं बी तंबाखूच्या डबीत घेऊन. झुडूप गुडघाभर, पानं राखाडी, आणि फुलं म्हणजे सूर्यफुलाची धाकटी भावंडं. "थंय पाऊस नाय, तरी डोंगरच्या डोंगर पिवळो होता," असं त्यांनी मामीला सांगितलं. मामी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पाऊस नाय थंय फुलां खंयसून येतली? वीस वर्सां अशेच थापा मारीत इलास!" मामांना ते फार लागलं. हिला एकदा ते फूल दाखवायचंच, एवढाच ध्यास त्यांनी घेतला.

दरवर्षी दसरा उलटला की अंगणातल्या वाळूत ते मोजून चार बिया पेरत. मग पाहुण्यांनी पाय धुवायचे ते शेजाऱ्यांच्या अंगणात. एके वर्षी एक रोप पावसाळ्यापर्यंत तगलं, तर मामांनी पाऊस अडवायला ओटीला बांधलेले माडाच्या झावळ्यांचे झाप सोडून त्याच्याभोवती उभे केले. ओटी भिजली, अंथरुणं भिजली. मामी कडाडली, तर हे शांतपणे म्हणाले, "घर भिजलां तर सुकता, ह्यां भिजलां तर कुसता."

"आणि माणूस भिजलो तर?"

"माणसाक पंचो आसा."

तेही रोप कुजलंच. का, ते मला पुढच्या वर्षी एका दुपारी कळलं. मामा वामकुक्षीत, आणि मामी तांदळाचं धुवण नव्या रोपाच्या मुळाशी ओतत होती. "बापडां तानेन मरता रे," ती कुजबुजली. मी मामांना सांगितलं. ते हसले. "माका ठावक आसा. गप रव. तिका कोण तानेललो बघवणा नाय."

शेवटच्या चार बिया पेरल्या त्या कार्तिकात मामा गेले. त्यांचा मुलगा मामीला मुंबईला घेऊन गेला. शिमग्याला ती मालवण बंदरात बोटीतून उतरली, तिला आणायला मी गेलो होतो. घरी येऊन पाहतो तर बंद घराच्या अंगणात झुडूप पिवळंधमक फुललेलं. मामी पायरीवर बसली. "खरां सांगत होते रे," म्हणाली. मग फुलांकडे बघत विचारलं, "पाणी घालूक कोण नव्हता, म्हणान फुललां?"

"नाय गो मामी, ह्यां बीच बरां होतां," मी म्हणालो. त्या वेळी मला मामा फार हवे होते. मामी उठली, सवयीने तांब्या भरून झुडपापाशी गेली, थोडा वेळ उभी राहिली, आणि ते पाणी मागच्या माडाला घालून आली.