मंत्र्याच्या सहीवर कुंकू

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पाटलाला आणि गुराख्याला एकच शब्द सांगायचे, "थांबा." आधी आला त्याचा नंबर आधी. म्हणून आम्ही त्यांचं नावच थांबाडॉक्टर पाडलं. मी दोन बुकं शिकलेला माणूस, साजरं लिहिता येत नाही. पण असा माणूस पुन्हा पाहिला नाही, म्हणून लिहितोच.

आमच्या तांड्यात माझी बायको शेवंता बाळंतपणात दोन दिवस अडली होती. डॉक्टर सायकलवर आले, बाह्या वर केल्या, तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. दौऱ्यावर आलेले मुंबईचे मंत्री डाकबंगल्यात पोट धरून लोळत होते. जीपमधला साहेब डॉक्टरांवर खेकसला. डॉक्टरांनी काय खाल्लं, कुठं दुखतं ते विचारलं, औषधाची एक पुडी दिली आणि हात धुता धुता म्हणाले, "मंत्र्याले सांगा, थांबा. त्या पोटाले वेळ आहे, या पोटाले नाही." साहेब पांढरा पडला! पोरगी झाली, रडली, मगच डॉक्टर जीपमध्ये बसले. सारा तांडा म्हणाला, गेली यांची नोकरी.

नोकरी कुठली जाते! महिन्याभरानं डॉक्टर सायकल दामटत आले ते हातात लिफाफा घेऊन. हे पत्र शेवंतामुळं आलं, तिनं आधी पाहावं म्हणे. सरकारी कागद, खाली मंत्र्याची स्वतःची निळी सही. शाळेच्या मास्तरांनी वाचलं, "तुम्ही मला थांबवलंत, तेव्हाच तुमच्यावर माझा भरवसा बसला." लोकांनी तीनदा वाचायला लावलं. तांड्याचा कारभार पाहणाऱ्या आमच्या नाईकानं डफडं मागवलं, म्हातारे नाचले. आमच्यात नवा नांगर येवो की बैल, आधी कुंकू लागतं. शेवंतानं कुंकू कालवलं आणि मोठ्या मानानं बोट टेकवलं ते नेमकं सहीवर. शाई फुटली. निळं-तांबडं एक झालं. डफडं बंद पडलं.

मी गधड्यासारखा तिला सगळ्यांसमोर बोललो. डॉक्टर राहू दे म्हणाले, पण तिच्या मनातून जाईना. आपणच डॉक्टरांचा मान पुसला, हेच ती धरून बसली. आठ दिवसांनी पोरीला ताप चढला, तरी दवाखान्यात जाईना. कोणत्या तोंडानं जाऊ, एवढंच. पोरीनं डोळे फिरवले तसा मी पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी सुई दिली आणि शेवंताला दम भरला. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. तांड्यातल्या सगळ्या बायांना ते याडीच म्हणायचे.

"याडी, कागदापायी पोरीले मारतं का? मंत्र्यानं सही केली, तुवा अंगठा केला. पत्र पक्कं झालं."

शेवंता रडता रडता हसली. पहाटेपर्यंत पोरीचा ताप उतरला.

पुढं दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. सामान मोटारीच्या टपावर, पत्र मात्र काचेत मढवून मांडीवर. नाईक म्हणाले, मंत्र्याला लिहून चांगलं कोरं पत्र मागवू. डॉक्टर म्हणाले, "पत्र दुसरं भेटन, नाईक. हे बोट कुठून आणू?"

तेव्हा मी खो खो हसलो होतो. औंदा शेवंता गेली. अंगणात तिनं शेवटचं सारवलेलं आहे, बोटांच्या रेघा अजून दिसतात. तिथं मी कोणाला पाय ठेवू देत नाही.