अक्काच्या परीक्षेचा टायर

वैशाखाचे दिवस, सेहेचाळीस साल. नगरच्या माळीवाड्यात एका टायरवाल्याच्या दुकानापुढे मी आणि शमुवेलमामा उभे होतो, आणि भिंतीला टेकवलेले दोन टायर आमच्याकडे बघत होते…

एक जुन्यावर नवं रबर चढवलेला. काळाभोर, खोल नक्षीचा. दुसरा मूळचाच, पण झिजून गुळगुळीत झालेला. लढाई संपली होती तरी कोरा टायर परमिटशिवाय मिळत नव्हता, त्यामुळे निवड या दोघांतूनच करायची होती.

काल नात मोबाईलवर तिच्या गाडीसाठी टायर बघत होती. "आजोबा, आपल्याकडच्या उन्हात कुठला टिकेल हो?" तिने सहज विचारलं… आणि तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मामांची एक जुनी सेडान होती, भाड्याने फिरायची. दुसऱ्या दिवशी ती पाथर्डीला न्यायची होती, माझ्या मार्थाअक्काला आणायला. नगरला दुपारी तीन वाजता शिक्षिकांच्या ट्रेनिंगला प्रवेशासाठी तिची तोंडी परीक्षा होती. दाजी लढाईत मारले गेले, तेव्हापासून अक्का सासरीच राहत होती. सासूबाईंनी एकदाच परवानगी दिली होती… यंदा जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही.

मामांनी मला विचारलं, कुठला घेऊ? मी सतरा वर्षांचा, मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळा, डोक्यात सदानकदा शाळेच्या पुस्तकातल्या कविता. मला ती नक्षी फार आवडली. ओळीखाली ओळ, सारख्या अंतरावर, जणू छापलेली कविताच. "मामा, हाच घ्या," मी म्हटलं.

दुकानदार करीमचाचांनी मान हलवली. "मास्टर, उन्हाळ्यात नक्षी नाही बघायची, अंग बघायचं. वरचं जाड रबर तापतं, मग सोडतं."

"म्हून त्यो टकल्या लावून सोयऱ्याच्या दारात जाऊ व्हय?" मामा म्हणाले.

शेवटी चाचांनी नक्षीवाला चढवला. पण टकल्याही स्टेपनीच्या चाकावर बसवून गाडीत टाकलाच. "काम झालं की आणून द्या. आणि ऊन लागलं म्हणून हवा सोडू नका, काय? हवा कमी झाली की टायर दबतो आणि जास्तच तापतो."

सकाळच्या गारव्यात पाथर्डी गाठली. सासूबाईंनी मात्र जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. निघायलाच एक वाजला. अक्का मागच्या सीटवर, मांडीवर कागदांची पिशवी… सारखी तिची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती.

तिसगावला मामांनी गाडी उभी केली. टायरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "लई तापलाय. जरा हवा सोडतो, न्हाईतर फुटंल." तेव्हा सगळेच ड्रायव्हर तसं करायचे.

मला चाचांचं बोलणं आठवलं… पण मी गप्प बसलो. टायर मी निवडलेला होता. त्याच्याबद्दल शंका काढणं माझ्याच जिवावर आलं.

करंजीच्या घाटाची चढण लागली. गाडी हळू झाली आणि चाकांचा आवाज येऊ लागला. मला कशातही वृत्त शोधायची सवय. तीही अक्कानेच लावलेली, लहानपणी मला मांडीवर घेऊन टाळ्या देत. लगागा लगागा लगागा लगागा… मी मनातल्या मनात चाकाबरोबर म्हणत होतो. आणि मध्येच एक ठोका जास्तीचा. धप्… पुन्हा धप्…

"मामा, ताल चुकतोय."

"आता हितं कविता नको रं बाबा!"

"खरंच चुकतोय. मागच्या चाकात."

"घड्याळ बघ आधी. थांबलो तर हिची परीक्षा गेली."

अक्का डोळे मिटून ऐकत होती. तिच्याइतकी घाई त्या गाडीत कुणालाच नव्हती. "मामा, थांबवा," ती म्हणाली. "बरोबर बोलतोय तो."

उतरून पाहिलं. माझी ती सुंदर नक्षी तळहाताएवढी सुटून लोंबत होती… आणि दोन हातांवर दरी. मामा टोपी काढून नुसता घाम पुसत राहिले.

टकल्या चढवला. जॅक हाताला पोळत होता, तो अक्काने पदराने धरला. चाक ढकललं, नट एकेक करून मामांच्या हातात दिले. चाचांचं बोलणं मी तेव्हा कुठे अक्काला सांगितलं; यावेळी हवा कुणी सोडली नाही.

नगरला पोचलो तेव्हा तिचं नाव पुकारत होते. अक्का तशीच पळाली… परीक्षक बाईंनी आधी विचारलं ते हातांबद्दल. एवढे काळे कशाने? "टायर बदलत होते बाई." मग तेच वर्गाला शिकवल्यासारखं शिकवा, बाई म्हणाल्या. अक्काने दहा मिनिटं टायर बदलायला शिकवलं. शिवाय हवा का सोडायची नाही, हेही!

टकल्या परत द्यायला मी एकटाच गेलो, मान खाली घालून. चाचांनी "अक्काचं काय झालं?" एवढंच विचारलं. निवड झाली म्हटल्यावर दुकानातल्या सगळ्यांना चहा सांगितला.

अक्का पुढे आयुष्यभर शिकवत राहिली. आता ती नाही, मामा नाहीत, चाचा नाहीत…

नात आज गाडीला तिच्या पसंतीचे टायर बसवून आली. आता तिच्याबरोबर कुठे निघालो आणि घाट लागला की मी खिडकीची काच खाली करणार आणि ती ओरडणार, "आजोबा, एसी चालू आहे!" ओरडू दे. मला चाक ऐकायचं असतं… आणि जिला थांबायला एक मिनिट नव्हतं, त्या अक्काने माझ्या शब्दावर गाडी थांबवायला लावली, ते पुन्हा एकदा आठवायचं असतं.