आईने परस्पर बोललेला नवस

“आता कायची जाते ती! देवीले बोलून बसली मी,” आई म्हणाली.

पुढच्या खोलीत या हंगामाचा कापूस जवळजवळ छतापर्यंत भरला होता. भाव येईपर्यंत तो आमच्याकडे घरातच राहतो आणि आलेलं माणूस त्याच्याच कडेला टेकतं. त्या कापसाने अंगाला खाज सुटते, धूळ माझ्या ऑपरेशनच्या टाक्यांना बाधेल, म्हणून आईने मधल्या दारात तिची एक जुनी साडी बांधली होती. साडीच्या अलीकडे खाटेवर मी, पलीकडे आई आणि मला बघायला आलेली शेजारची काकू.

“काय बोलली वो वहिनी?”

“म्हटलं, पोरगी वाचू दे माय, पुन्हा तिले एकटीले कुठंच धाडणार नाही. आत ऑपरेशन चालू, अन् मी बाहीर पायरीवर. दुसरं काय होतं माह्याजवळ द्याले?”

काकू म्हणाली, “बरं केलं. लय हिंडली तुई पोरगी. शेवटी डाक्टरनं पोटालेच चेन लावून देली!”

दोघी हसल्या. उपमा चुकीची नव्हती. बेंबीखालपासून वरपर्यंत टाक्यांची रांग खरंच चेनसारखी दिसते. अपेंडिक्स आतच फुटलं होतं.

पाचवीपासून मी यवतमाळला, इंग्रजी शाळेच्या होस्टेलवर. सुट्टीत गावी आले की माझ्या मराठीची नक्कल व्हायची, आणि शाळेत माझ्या इंग्रजीची. मी बोलणंच कमी करून टाकलं. बसमध्ये ते चालून जायचं. खिडकीपाशी बसलेल्या मुलीने बोलावं अशी कोणाची अपेक्षा नसते. नोकरी लागल्यावर चार दिवस सुट्टी मिळाली की मी एकटी निघायचे. अनोळखी गावात उतरायचं, चहा प्यायचा, घाटावर नाहीतर बाजारात बसून माणसं बघायची. एवढंच. पण त्या चार दिवसांत मी जेवढी माझी असायचे, तेवढी एरवी कुठेच नसायचे.

या वेळी नर्मदेकाठी गेले होते. दुसऱ्या दिवशी पोटात दुखू लागलं. लॉजवाल्या बाईंनी चेहरा बघून विचारलंसुद्धा, “तबियत ठीक है ना, बेटी?” मी हो म्हणून मान हलवली. ती रात्र, पुढचा दिवस, मग परतीची बस. नागपूरच्या स्टँडवर खाली बसले आणि मला उठताच येईना. दोन अनोळखी बायकांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. केव्हापासून दुखतंय, डॉक्टरांनी विचारलं. बोलणी खावी लागतील म्हणून मी म्हटलं, सकाळपासून. घरच्यांनाही तेच कळलं.

आता खाटेपासून मागच्या दारापर्यंत चालते. सकाळी आर्णीकडे जाणारी बस फाट्यावर थांबते, तिचं दार आपटल्याचा आवाज इथवर येतो. तीन महिने बसचे धक्के नकोत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तीन महिने मी काढले असते. नवसाला मात्र मुदत नसते. माझ्याकडची सगळ्यात प्रिय गोष्ट आईने मला न विचारता देवीला देऊन टाकली होती, तीही मला वाचवायला. तिच्यावर धड रागावताही येईना.

काकू गेली. आई मुगाची खिचडी घेऊन आत आली, माझ्या पायाशी बसली. माझे डोळे तिने बघितले असावेत.

“ऐकलं वाट्टे तू,” ती म्हणाली.

मी दारातल्या साडीकडे पाहिलं.

“मंग काय करू वं? ते बाहीरचं खाणं, बाहीरचं पाणी, संग कोणी नाही. घरी असती, तं झालं असतं काय असं?”

तिने चमचा पुढे केला. मी तो धरला, पण तोंडाकडे नेला नाही. माझा आवाज मलाच परका वाटला.

“सकाळपासून नव्हतं आई. दोन दिवस दुखत होतं. मी कोणालाच सांगितलं नाही, म्हणून फुटलं ते. घरी असते ना, तरी तुला सांगितलं नसतं.”