मंगलाष्टकांत अडकलेली डीव्हीडी

माझ्या लग्नाला दहा वर्षं होऊन गेली, पण माझी सख्खी मावशी अक्षतांच्या वेळी मांडवात होती की नव्हती, याचा निकाल गेल्या दिवाळीपर्यंत लागलेला नव्हता. आई म्हणायची, नव्हती. मावशी म्हणायची, होते. मावशी अंबाजोगाईला, आई इथे निगडीला, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. दोघींचा फोन भाजीच्या चौकशीने सुरू व्हायचा आणि फिरून फिरून माझ्या लग्नापाशी यायचा.

"माझ्या लेकीवर अक्षता पडायल्यात अन् तू पार्लरात अंबाडा घालून घ्यायलीस," आई म्हणायची. या शहरात येऊन तिला पस्तीस वर्षं झाली, पण बहिणीशी भांडताना ती थेट अंबाजोगाईत जाऊन उभी राहते.

"अक्का, मी पुढच्या रांगेत होते. तू कुठं होतीस, ते सांग आधी."

हा मावशीचा मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतात. त्यामुळे माझ्या लग्नात आई त्या वेळी कार्यालयाच्या मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसली होती. तिने काहीच पाहिलेलं नव्हतं. तरीही मावशी नव्हती याबद्दल तिची खात्री होती. "मला माहीत आहे," एवढंच ती म्हणायची.

शेवटी दिवाळीच्या आधी मावशीने फोनवर फर्मान काढलं. "लग्नाची डीव्हीडी पाठवून दे मला. सगळ्यांसमोर लावते."

मी म्हटलं, मावशी, तेवढा तुकडा मोबाइलवर पाठवते.

"त्या तळहाताएवढ्या मोबाइलात मी दिसणार का माय? टीव्हीवर लावायचंय मला." तिचा टीव्ही अजून पाठीला पोक असलेला जुना आहे आणि त्याच्याखालच्या प्लेअरला पेनड्राइव्ह लागत नाही. म्हणजे डीव्हीडीच हवी. आमच्याकडे तर एकच होती, आईच्या कपाटात, शालूच्या घडीत.

ती घेऊन मी बाबांच्या कॉम्प्युटरपाशी बसले. बाबांनी पिंपरीच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्याला मशीनसारखंच वागवायला सुरुवात केली. दर रविवारी ते त्याचं झाकण उघडून ब्रशने धूळ काढतात. मी तळवड्याच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणून घरात कॉम्प्युटर, मोबाइल आणि मिक्सर बिघडला की सगळे माझ्याकडे बघतात. माझं काम दुसऱ्यांच्या चुका शोधून लिहून देणं, दुरुस्त करणं नव्हे, हे मी एकदा बाबांना समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे बिघाड शोधायचा तू आणि हात काळे करायचे दुसऱ्यानं?" ते म्हणाले होते. "आमच्याकडे असल्या माणसाबरोबर कुणी डबा खायचं नाही."

डीव्हीडी घातली. हळद व्यवस्थित दिसली. सीमांतपूजन झालं. अंतरपाट धरला गेला, भटजींनी सूर लावला आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडले. "सावधा... सावधा... सावधा..." करत भटजी तिथेच अडकले. मी सगळ्या फाइल्स कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला गेले, तर त्रेचाळीस टक्क्यांवर पट्टी थांबली आणि फाइल वाचता येत नाही असा निरोप आला.

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बरोबर तिथंच कामून अडकली?" तिच्या आवाजात संशय होता. मावशीने अंबाजोगाईत बसून काहीतरी केलं असावं, असा.

शूटिंग करणाऱ्याचा नंबर मी शोधून काढला. चिंचवडला त्याचं दुकान होतं, तिथे आता मोमोज मिळतात. तो फोनवर हसला. "मॅडम, दहा वर्षं कोण ठेवतं? त्या हार्डडिस्कवर नंतर किती लग्नं चढली असतील." 

बाबांनी मात्र कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं करून त्यावर तीन रकाने आखले. बिघाड, कारण, उपाय. कंपनीत त्यांना शिकवलं होतं की मशीन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तराला खरं कारण सापडतं. घरात ते हेच करतात. वरणात मीठ जास्त झालं तरी आईला पाच वेळा का विचारतात. तिसऱ्या 'का'ला सहसा त्यांचं ताट उचललं जातं.

मी चहा आणायला आत गेले. परत येऊन बघते तर बाबा डीव्हीडी उताणी धरून तिच्यावर कसलासा राखाडी मलम लावण्याच्या बेतात.

"बाबा, काय आहे ते?"

"व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. अगदी बारीक आहे. चरे निघून जातील."

"लग्नही निघून जाईल. ठेवा ते."

"तू घाबरतेस फार."

मी डीव्हीडी त्यांच्या हातातून काढून घेतली. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि पाणी घेऊन धुतली, त्यांच्या जुन्या बनियनच्या मऊ तुकड्याने टिपली आणि मधून कडेकडे पुसत गेले. ते गोल पुसायला सांगत होते. मी म्हटलं, गोल नाही. आतली नोंद गोल गोल लिहिलेली असते. गोल चरा पडला तर तो त्याच रेषेवर लांबपर्यंत जातो आणि ती वाचता येत नाही. आडवा पडला तर ड्राइव्ह तो ओलांडून पुढे जातो. बाबांना हे ताबडतोब पटलं. उपायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आडवे पुसणे.' धुतल्यावर पट्टी एकसष्ट टक्क्यांपर्यंत गेली, पण भटजींचं सावधान काही पूर्ण झालं नाही.

एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसऱ्याला कधी कधी वाचता येते. ऑफिसातल्या सपोर्टवाल्याकडून मी बाहेरून जोडायचा एक जुना ड्राइव्ह मागून आणला. बाबांच्या कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत लावला, तर तो टकटक करायचा, दिसायचा आणि गायब व्हायचा. मी त्याला चालवणारं सॉफ्टवेअर बदलून पाहिलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. बाबांनी नुसता कान लावला.

"उपाशी आहे," ते म्हणाले. "मोटर उचलायला बघते आणि खाली बसते. करंट पुरत नाही तिला. मागून लाव."

मागच्या खाचेत लावला आणि तो सुरळीत फिरायला लागला. मला हे सुचायला आणखी दोन दिवस लागले असते. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलेलं होतं, कारण पुढचा तासभर ते शीळ वाजवत होते.

मग एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवला. तो खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो आणि काही केल्या जमलं नाही तरच सोडून पुढे सरकतो. शनिवारी सकाळी चालू केला. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं, बसायची गरज नाही, तो आपला आपण करतो. ते म्हणाले, "चालू मशीन सोडून जायचं नसतं." पेपर वाचला, शेंगा खाल्ल्या, पण उठले नाहीत. दुपारी जेवणाच्या सुमारास काम संपलं. दोनचार ठिपके सोडले तर सगळं निघालं होतं.

आईला हाक मारली. हात पुसत ती आली आणि आम्ही तिघं बघायला बसलो.

अंतरपाट. भटजी. "सावधान" या वेळी पूर्ण झालं. कॅमेरा माझ्यावरून, नवऱ्यावरून फिरून पाहुण्यांवर गेला. तिथे, पहिल्या रांगेत, पोपटी साडीत मावशी उभी होती. अंबाडा मोठाच होता, पण होती ती अगदी मधोमध. आणि तिच्या शेजारी, तिला खांदा लागेल इतक्या जवळ, बाबा. बाबांचा फेटा कपाळावर उतरला होता आणि ते हुंदके देऊन रडत होते. हातातल्या अक्षता ते टाकत होते, त्या आमच्याकडे न येता मागच्या एका काकांच्या अंगावर जात होत्या. मावशीने त्यांच्या हातात रुमाल कोंबला, मग खांद्याला धरून त्यांचं तोंड आमच्याकडे वळवलं.

 आई हळूच बाबांकडे वळली.

"अहो, तुम्ही तर मला येऊन सांगितलं होतं. तुझी बहीण अक्षतांना दिसली नाही म्हणून."

तेव्हा मला कळलं की दहा वर्षं चाललेल्या या खटल्यातला एकमेव साक्षीदार कोण होता.

"मला दिसली नव्हती," बाबा म्हणाले.

"शेजारी होती की ती. का नाही दिसली?"

"डोळ्यांत काहीतरी गेलं होतं."

"का?"

"धूर होता होमाचा."

"होम नंतर झाला," आई म्हणाली. "का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"पोरगी चालली होती ना," ते म्हणाले आणि मेन स्विच गरम झालाय का ते बघायला बाहेर गेले.

आई पुन्हा स्क्रीनकडे वळली. मग म्हणाली, "मागं घे जरा. तुझ्याकडं बघितलंच नाही मी." मी मागे घेतलं. आम्ही तो तुकडा तीनदा पाहिला.

आता नवी डीव्हीडी लिहायची होती. चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानात कोऱ्या डिस्क मागितल्या, तर दुकानदाराने स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरून धुळीने माखलेला डबा काढला. "घेऊन जा ताई," तो म्हणाला, "तुमच्यानंतर कुणी येत नाही."

पहिली डिस्क गुरुवारी लावली. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे चौतीस वर्षं गुरुवारची साप्ताहिक सुट्टी घेतलेल्या माणसाच्या लक्षात राहायला हवं होतं. निम्म्यात लाइट गेली. दुसरी लिहिताना कॉम्प्युटरलाच झोप लागली. काही वेळ कुणी हात लावला नाही की तो झोपतो, ही सोय मी बंद करायला विसरले होते. बाबांनी कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' असं लिहून पुढे कंसात 'मुलगी' लिहिलं. तिसरी मात्र झाली. कॉम्प्युटरवर छान चालली. अंबाजोगाईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर ती पाठवून दिली.

दोन दिवसांनी मावशीचा फोन. "डिस्कच नाही म्हणतोय बाई प्लेअर. कोरीच पाठवलीस का? अक्कानं सांगितलं असेल."

कोरी नव्हती. मी व्हिडिओची फाइल नुसती उचलून डिस्कवर ठेवली होती, एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवावी तशी. जुन्या प्लेअरला ती ओळखता येत नाही. त्याला डीव्हीडीच्या ठरलेल्या पद्धतीनेच मांडलेलं लागतं. शिवाय लिहून झाल्यावर डिस्क बंद करायची असते, म्हणजे यापुढे यात भर पडणार नाही असा शेवटचा शिक्का मारायचा असतो. तोही राहिला होता.

"म्हणजे शेवटचा बोल्ट आवळलाच नाहीस," बाबा म्हणाले. त्यांना फार आनंद झाला होता.

चौथी डिस्क आम्ही रविवारी लिहिली. गती सगळ्यात कमी ठेवली, बाकीचे प्रोग्रॅम बंद केले, झोप बंद केली. व्होल्टेज खाली जाऊ नये म्हणून बाबांनी घरात मिक्सर लावायला मनाई केली. आईने खलबत्त्यात चटणी कुटली, आणि टेबल इतकं हादरलं की बाबा दोन्ही हातांनी ड्राइव्ह धरून बसले. डिस्क झाली, शिक्का मारला, लिहिलेलं पुन्हा वाचून तपासलं. वाया गेलेल्या डिस्क बाबांनी कबुतरांना भिववायला गॅलरीत टांगल्या. त्यातल्या एकीवर कबुतर बसून झोके घेतं.

डिस्क गेली त्या दिवसापासून आई फोनपासून लांब लांब राहत होती. मावशी आता काय काय ऐकवणार, याची तिने मनाशी तयारी केली होती. फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तिने स्पीकर लावून मोबाइल टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली.

मावशी म्हणाली, "दाजी आहेत का? दाजी, लई रडलात की ओ तुम्ही. सगळे रडले इथं तुम्हाला बघून."

बाबा म्हणाले, "रुमाल राहिला तुझा माझ्याकडे."

"अन् अक्का, तू मातर कुठंच दिसली नाहीस."

"मागं होते ना गं मी."

"एकटी?"

"एकटीच."

 "मी यायला पाहिजे होतं तिथं," मावशी म्हणाली. आई म्हणाली, छे, तू तिथंच बरी होतीस, नाहीतर या माणसाला कुणी सावरलं असतं? मग स्पीकर बंद करून ती मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तासभर बाहेर आली नाही.

आता बाबांना उद्योग झालाय. शेजारपाजारच्या बायका आपापल्या मुलांच्या मुंजी, लग्नं, बारशी पिशवीत घालून घेऊन येतात. बाबा प्रत्येकीला बसवतात, डिस्क उजेडात तिरपी धरून बघतात आणि डॉक्टरसारखे मान हलवतात. परवा मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. एका आजींच्या नातवाच्या बारशाची डिस्क पाळण्याच्या गाण्यापाशी थांबत होती.

मी कुजबुजत म्हटलं, "बाबा, मीटिंग चालू आहे. संध्याकाळी आले की बघते."

"ये सावकाश," ते म्हणाले. "आजी इथंच बसल्यात. मी त्यांना चहा करतो."